जाळीकामाची परंपरा आणि घरची नक्षी करवत

सुतारकामाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे आपल्याकडील लेखक वाड्यांपासून आरंभ करतात आणि वाड्यांपाशीच थांबतात. शनिवारवाड्याचे नाव घेतले, सुरूच्या खांबांचे वर्णन केले, की लेखणी खाली ठेवली जाते. प्रस्तुत लेखात एका अगदी लहान हत्याराचा मागोवा घेण्याचा विचार आहे. हे हत्यार म्हणजे नक्षी कापणारी, दोऱ्यासारख्या बारीक पात्याची करवत. हातात धरावयाच्या करवतीस 'फ्रेट सॉ' म्हणतात व तेच पाते विजेच्या यंत्रावर चढविले म्हणजे त्यास 'स्क्रोल सॉ' म्हणतात. आम्ही दोहोंस मिळून नक्षी करवत असेच म्हणू.

हा विषय निवडण्यास कारण घडले ते असे. आमचे सुपा हे पारनेर तालुक्यातील, नगर-पुणे रस्त्यावरील गाव. (शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे ते पुणे जिल्ह्यातील, दोहोंची गल्लत पुष्कळदा होते.) येथे औद्योगिक वसाहत झाल्यापासून नाना गावांची व नाना जातींची तरुण मंडळी कारखान्यांत कामास आहेत. त्यांपैकी काहींस सुटीच्या दिवशी लाकडात नक्षी कापण्याचा छंद जडला आहे. यंत्र आणतात, कागदावरचा नमुना प्लायवुडवर चिकटवितात, आणि पाते तुटू लागले, नक्षीची दांडी मोडली, म्हणजे विचारीत विचारीत सुतारआळीत येतात. आळीतील वडीलधारे काही सांगतात, काही हातचे राखतात. 'हा आपला धंदा, तो यांना कशाला शिकवावा' असेही कोणी म्हणतात. या म्हणण्याचा विचार पुढे करू. तूर्त इतके नमूद करतो की, या तरुणांचे प्रश्न ऐकले म्हणजे त्यांतील बहुतेकांची उत्तरे आपल्या घराण्यांत आधीच होती, फक्त ती कोणी लिहून ठेवली नाहीत, असे ध्यानात येते.

पहिला प्रश्न पात्याच्या दातांचा. नवशिक्याचे पाते उलटे बसते व लाकूड उडू लागते. नक्षी करवतीचे दात खालच्या बाजूस कलते असावयास पाहिजेत, म्हणजे पाते खाली येताना कापते व लाकूड मेजावर दाबून धरते. हाताच्या करवतीतही दात मुठीकडे वळलेले असतात, म्हणजे ती ओढताना कापते. आता मौज पाहा. आपल्या देशातील जुन्या सुताराची करवत हीदेखील ओढून कापणारीच होती. सुतार जमिनीवर बसे, लाकूड पायांनी दाबून धरी व करवत आपल्या अंगाकडे ओढी. दात मुठीकडे कलते. पुढे शेफिल्डच्या करवती आल्या. त्या ढकलून कापणाऱ्या. त्यांच्यामागोमाग उभ्याने काम करण्याचे मेजही आले. साहेबांस आपली बैठक गबाळी वाटे. परंतु ओढण्यातील तत्त्व पक्के होते. ढकललेले पाते वाकू पाहते, म्हणून ते जाड ठेवावे लागते. ओढलेले पाते ताणाने आपोआप सरळ राहते, म्हणून ते पातळ चालते. पात्याची जाडी जितकी कमी तितकी लाकडातील फट अरुंद आणि वळण लहान. युरोपातही नक्षीच्या करवतीस शेवटी हेच तत्त्व स्वीकारावे लागले.

तिकडील इतिहास थोडक्यात असा. सोळाव्या शतकात घड्याळे करणाऱ्यांच्या हाती पोलादाच्या पातळ पट्ट्या आल्या व त्यांपासून बारीक दातांची पाती होऊ लागली. फ्रान्समध्ये आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) नावाचा राजाश्रयी कारागीर होऊन गेला. तो कासवाच्या पाठीचा पत्रा व पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून दोन्ही एकदम कापी. मग एकातील तुकडा दुसऱ्याच्या पोकळीत बसवी. घरी छंद म्हणून काम करणारासही हा धडा उपयोगी आहे. एकच नमुना चार वेळा हवा असेल तर तीन मिलिमीटरचे चार प्लायवुड कडेने चिकटपट्टीने बांधून एकदम कापावेत. वेळ वाचतो, पाते स्थिर चालते व वरच्या पत्र्यांच्या धारा तुटत नाहीत. जडावाचे काम करावयाचे तर दोन रंगांची लाकडे एकावर एक ठेवून मेज दोन-तीन अंश कलते करावे व संपूर्ण आकृती एकाच दिशेने फिरवीत कापावी. करवतीने खाल्लेली फट त्या कलत्या धारेने भरून निघते व तुकडा घट्ट बसतो. कल किती ठेवावा हे लाकडाच्या व पात्याच्या जाडीवर अवलंबून असल्याने आधी टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्यावे.

इंग्लंडात १७६० च्या दशकात जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या गृहस्थाने महोगनीच्या फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून तो कापला व मुलांना भूगोल शिकविण्यासाठी विकावयास काढला. आज ज्यास 'जिगसॉ' कोडे म्हणतात त्याचा आरंभ हा असा शिक्षकाच्या कामातून झाला, याचा आम्हा मास्तर मंडळींस अभिमान वाटल्यास नवल नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा जिल्हे २६ होते, आज ३६ आहेत. ही वाढ फळ्यावर लिहून दाखविण्यापेक्षा मुलाच्या हाती लाकडाचे तुकडे दिले तर चटकन उमगते. आमच्या जिल्ह्याचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे व आताच्या अहिल्यानगरचे, १४ तालुके घेऊन असा नकाशा घरी करता येतो. सहा मिलिमीटरचे प्लायवुड घ्यावे. दोन तालुक्यांमधील सीमा एकदाच कापावी, दोन्ही तुकड्यांसाठी वेगवेगळी कापू नये. अगदी नागमोडी सीमा असेल तेथे एक ते तीन नंबरचे पाते लावावे व प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर आधीच आकडा घालून ठेवावा. अकोले व जामखेड ही जिल्ह्याची दोन टोके. तेवढी बसविली की मुले मधले आपोआप जुळवितात, असा आमचा अनुभव आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने चालविण्याच्या नक्षी करवती निघाल्या. अमेरिकेतील रॉकफर्ड येथील बार्न्स बंधूंची यंत्रे त्यांत नावाजलेली होती. इंग्लंडातील डेरेहॅम गावी 'हॉबीज' नावाचे साप्ताहिक १८९५ मध्ये सुरू झाले आणि ते वाचकांना नक्षीचे नमुने देऊ लागले. कारकून, शिक्षक, शाळकरी मुले रात्री दिव्याच्या उजेडात चौकटी व कोनाडे कापू लागली. धंदा आणि छंद यांची फारकत तेथे अशी झाली. विजेची यंत्रे पुढे आली. परंतु पाते वारंवार तुटे, कारण वरचा हात अचल असून पात्यास स्प्रिंगने ओढलेले असे व ताण कमीजास्त होई. १९७० च्या दशकात जर्मनीतील हेग्नर यंत्रांनी दोन समांतर हात एकत्र हलविण्याची रचना रूढ केली. त्यामुळे ताण सतत सारखा राहू लागला. आज बाजारात मिळणारी घरगुती यंत्रे बहुशः याच घराण्यातील.

आता आपल्याकडे वळू. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला व १८२८ च्या आगीत आतील लाकूडकाम जळाले. आज तेथे तट, दरवाजे व जोती दिसतात. त्यामुळे पेशवाईतील लाकूडकाम प्रत्यक्ष पाहू इच्छिणाराने पुण्यातील विश्रामबागवाडा (सुमारे १८०७) पाहावा. त्याच्या दर्शनी सज्जाखालील हस्त, केळफुले व महिरपी डोळ्यांत भरतात. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा हीही त्याच परंपरेतील. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी उभारलेल्या पुण्यातील संग्रहालयात कोरीव दरवाजे ठेविले आहेत. नेत्यांच्या पुतळ्यांपेक्षा त्या चौकटी आपल्या मुलांना दाखविणे अधिक अगत्याचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडात जाळीदार नक्षीची टेबले व खुर्च्या घडविल्या. त्या परदेशीही गेल्या.

तथापि एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आपल्या मेळाव्यांत आपण सारे वाडे बांधणाऱ्या कारागिरांचे वंशज आहोत असे भाषणांतून ऐकू येते. पारनेरसारख्या जिराईत मुलखात खेड्यातील सुताराची भाकरी नक्षीवर नव्हती. ती नांगर, कुळव, पाभर, मोटेचे चाक व बैलगाडी यांवर होती. बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत त्याचे स्थान होते ते याच कामामुळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ही सर्व व्यवस्था वाचावयास मिळते. बाभळीचा नांगर करणारा हात वर्षातून एखादवेळी देवघराची जाळी किंवा पाळण्याची कठडी करी. नक्षी ही त्याची सणावाराची भाषा होती. पुढे किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडी नांगर निघू लागले, नंतर तेलाची इंजिने आली आणि मोट गेली, रबरी चाके आली आणि धावेची गाडी गेली, शेवटी ट्रॅक्टर आला. बलुते संपले. पोरे कारखान्यात, शाळेत, शहरात गेली; प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. रोजचे काम गेले तेव्हा त्याच्यासोबत ती सणावाराची भाषाही मुकी झाली, आणि या दुसऱ्या नुकसानीची नोंद मात्र कोणी केली नाही.

शाळांतून हे ज्ञान टिकविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनने सर डी. एम. पेटिट यांच्या नावाची औद्योगिक कलाशाळा चालविली होती. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने जी मूलोद्योगाची योजना आखली तीत सूतकताई व शेती यांच्या बरोबरीने सुतारकाम होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने त्यास समाजोपयोगी उत्पादक कार्य असे नाव दिले. कागदावर सर्व उत्तम. प्रत्यक्षात, आम्ही नोकरी केली त्या एका शाळेत हातकरवतींची पेटी कपाटात कुलूपबंद असे, कारण पाती मोडली तर हिशेब कोणी द्यावा! आठ आण्यांचे पाते वाचविण्यासाठी मुलांच्या पिढ्या हात न चालविता बाहेर पडल्या. मुळात पाते मोडण्यासाठीच असते. डझनाने आणावे व मोडले तर नवे लावावे.

मोडू नये म्हणून करावयाच्या गोष्टी मात्र आहेत. पात्याचा ताण बोटाने तार छेडल्याप्रमाणे छेडून पाहावा. सतारीच्या तारेसारखा स्वच्छ, उंच आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला तर ताण कमी. लाकूड पात्याकडे रेटू नये. पात्यास जितके खाता येईल तितकेच पुढे सरकवावे. कोपऱ्यावर आले म्हणजे पुढे न ढकलता, पाते जागच्या जागी चालत ठेवून लाकूड फिरवावे. बाजारातील बहुतेक पाती पत्र्यातून दाबून काढलेली असल्यामुळे त्यांच्या एका अंगास बारीक खर राहते व पाते थोडे त्या बाजूस ओढते. सरळ रेषा कापताना लाकूड किंचित तिरके धरून पुढे न्यावे लागते. हे यंत्राचे व्यंग नव्हे, हाताला ती सवय दोन दिवसांत होते. पाते मेजाशी काटकोनात आहे की नाही हे लहान गुण्या लावून दर वेळी पाहावे, नाहीतर जाड लाकडात वरची नक्षी व खालची नक्षी जुळत नाही.

पात्याची निवड लाकडावरून करावी. पाच इंच लांबीची पाती सर्वत्र चालतात. सहा मिलिमीटरपर्यंतच्या प्लायवुडास एक ते तीन नंबर, अर्धा-पाऊण इंच सागवानास पाच ते सात. पिनची पाती चढविण्यास सोपी, परंतु पिन आत शिरण्याइतके भोक मोठे पाडावे लागते, त्यामुळे बारीक जाळीस ती निरुपयोगी. जाळीसाठी बिनपिनचीच घ्यावीत, म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचे भोक पुरते. पूर्वी हे भोक सामत्याने पाडीत, आता ड्रिल आहे. भोक नक्षीच्या कोपऱ्याशी पाडावे, मधोमध नव्हे. कोपऱ्यापासून कापण्यास सुरुवात केली म्हणजे सांधा दिसत नाही. सागवान उत्तम खरे, पण त्यात वाळूसारखा कठीण अंश असल्याने धार लवकर जाते. प्लायवुडातील डिंकानेही तेच होते. लाकूड जळून काळे पडू लागले की पाते बोथट झाले असे समजावे. नमुन्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर हे जळणे पुष्कळ कमी होते.

जाळीकामाचा जुना नियम असा की, आधी आतील भोके, मग बाहेरचा आकार. प्रथम बाहेरचा आकार कापला तर धरावयास लाकूड उरत नाही. आतील भोकांतही मधल्या लहान भोकांपासून आरंभ करून कडेच्या मोठ्यांकडे यावे, म्हणजे तोपर्यंत फळीत बळ राहते. दुसरा नियम दांड्यांचा. जाळीत प्रत्येक पाकळी कोठेतरी दुसरीस धरून असते. जी कोणासच धरून नाही ती गळून पडते. हे जोड नमुना काढतानाच ठरवावे लागतात. जी दांडी लाकडाच्या रेषेस आडवी जाते ती हमखास मोडते. म्हणून नाजूक दांड्या रेषेच्या दिशेने येतील असा नमुना फळीवर फिरवून बसवावा. प्लायवुडात आडव्या-उभ्या रेषा एकावर एक असल्याने ही भीती कमी, आणि नवशिक्याने प्लायवुडापासून आरंभ करावा तो यासाठी. वाड्यांच्या जाळ्या दोन-दोनशे वर्षे टिकल्या त्यांत लाकडाचा वाटा जितका, तितकाच या दांड्यांच्या हिशेबाचा आहे.

धुळीची गोष्ट आपल्या वडिलांनी कधी मानली नाही. त्यांचे काम अंगणात चाले व वारा धूळ नेई. बंद खोलीत यंत्राजवळ तोंड नेऊन काम करणाराने नाकास चांगला मुखवटा व डोळ्यांस चष्मा लावावा. सागाच्या व विशेषतः शिसवाच्या धुळीने कित्येकांस खाज व दमा यांचा त्रास होतो. यंत्र मेजास बोल्टाने आवळावे व खाली रबराचा तुकडा घालावा, म्हणजे शेजारी तक्रार करीत नाहीत. पाते बदलताना वायर काढून ठेवावी. लोंबती बाही नको.

आता त्या 'आपला धंदा' या प्रश्नाकडे येतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत १८ हस्तव्यवसाय असून सुतारकाम त्यांत आहे, आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. आपल्या समाजातील पुष्कळांनी त्यासाठी नोंदणी केली हे ठीकच. परंतु त्या यादीत नाव लागावे म्हणून धडपडणारे आपले किती तरुण जाळीचा एक नमुना स्वतः आखू शकतात? मोबाईलवर मिळणारे नमुने परक्या मुलखातील. मेपलची पाने, बर्फावरची हरणे. कारखान्यात काम करणारा कोणी परजातीचा मुलगा आपल्या दारी येऊन केळफूल कसे कापावे असे विचारतो, तेव्हा त्याला हातचे राखून सांगणारा नेमके काय राखून ठेवतो, हे आम्हास कळत नाही. त्याच्या पश्चात ते कोणाकडे जाणार? नक्षी करवतीमुळे कोणाची भाकरी जाणार नाही. भाकरी गेली ती नांगराबरोबर केव्हाच गेली.

खरी निकड निराळी आहे. गावोगावचे जुने वाडे पडत आहेत व त्यांच्या चौकटी जुने सामान घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गाड्यांत चढून शहरांकडे जात आहेत. एकदा गेलेली चौकट परत येत नाही. पण तिचा ठसा घेऊन ठेवता येतो, आणि त्यास पैसाही लागत नाही. पातळ, चिवट कागद चौकटीवर ताणून चिकटपट्टीने बसवावा. आधी कोरड्या कुंच्याने धूळ झाडावी, पाणी लावू नये. मेणाचा काळा खडू आडवा धरून हलक्या हाताने घासावा. उंच भाग काळे उमटतात, खोलगट भाग पांढरे राहतात. घरी आल्यावर त्या ठशावर एक इंचाच्या चौकोनांची आखणी करावी, दुसऱ्या कागदावर अर्ध्या इंचाचे चौकोन आखून एकेक चौकोन पाहून उतरवावा, म्हणजे नमुना निम्म्या मापाचा होतो व घरच्या यंत्रावर मावतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेस बसलेल्या कोणत्याही मुलीस वा मुलास हे जमेल. कोरीव काम खोल असेल तेथे करवतीने फक्त बाहेरची रेषा येईल. आतील उठाव पटाशीने करावा लागेल, किंवा दोन पातळ थर कापून एकावर एक चिकटवावे लागतील. मूळ ठसा गुंडाळी करून कोरड्या जागी ठेवावा, घडी घालू नये, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने गावाचे नाव, चौकटीचे माप, लाकूड कोणते व ठसा घेतल्याची तारीख लिहावी.